उसना फिल्डर

आमच्या रविवारच्या लीगमध्ये एक जुनी रीत आहे. समोरच्या टीमचा एखादा माणूस कमी पडला, तर आपल्याकडे बसलेला माणूस त्यांना फिल्डिंगपुरता उसना द्यायचा. बॅटिंग नाही, बोलिंग नाही, नुसती फिल्डिंग. आता कुठला माणूस द्यायचा ते कॅप्टनने ठरवायचं. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या आमच्या स्केल्डन क्लबचा कॅप्टन मी, बालकरन. मला कोणी शहाणपणा शिकवायला येऊ नये.

त्या सकाळी मी आणि हेमराज पिचवर मॅटिंग अंथरत होतो. हेमराज नुकताच आमच्या गयानातल्या बर्बीसहून आलेला. बेकरीत रात्रपाळी करतो, बोलतो कमी, आणि मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर असतो. खिळे ठोकता ठोकता म्हणाला, "अंकल, आज तरी घेता का अकरांत? बेकरीवाला रविवारीही ये म्हणतोय. इथे खेळायला मिळणार नसेल, तर पुढच्या रविवारपासून तिकडेच जातो."

"घेतलं असतं रे, पण ते हात आहेत की चाळणी? प्रॅक्टिसला एक तरी कॅच धरलायस का?"

"नाही."

"मग?"

तो खिळे ठोकत राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! माणूस रविवारी इथे येतो तो काय नुसत्या क्रिकेटसाठी? इथे कोणी आपल्या बोलीत शिवी देतं, कोणी दालपुरी पानात वाढतं. ते सुटलं की उरली बेकरी आणि भाड्याची खोली. पण मॅच ती मॅच. मी हेमराजला बाहेर बसवलं.

समोर होते ऑल्बनीचे जमैकन. त्यांची बॅटिंग संपता संपता त्यांच्या एकाची मांडी धरली, तो लंगडत गाडीत जाऊन आडवा झाला. त्यांचा कॅप्टन लेटन, ताडमाड उंच, रिटायर्ड बस ड्रायव्हर, सावकाश चालत आला.

"बालकरन, एक माणूस दे रे बाबा."

माझ्याकडे दोघं बसलेले होते. एक सनी, बॉलवर घारीसारखा झडप घालणारा. दुसरा हेमराज. मी क्षणभरही विचार केला नाही.

"हेमराजला घेऊन जा! आमचा हिरा आहे!"

जेवणाच्या टेबलामागून माझी बायको इंद्रानी म्हणाली, "अहो, थोडी तरी लाज?"

"नियमात बसतं!" मी म्हणालो आणि पॅड बांधायला लागलो.

पुढचं काय सांगू! जिंकायला थोडेच रन उरले होते, मी चांगला जमलो होतो. एक बॉल आखूड पडला आणि मी तो असा हाणला की काय विचारता. बॉल उंच गेला. रन काढायला धावता धावता मी बघितलं तर खाली हेमराज! मला हसूच फुटलं. म्हटलं, चला, दोन रन तरी नक्की.

हेमराज दोन पावलं मागे सरला, हात वर केले, आणि बॉल आपल्याच घरी आल्यासारखा त्याच्या हातात बसला.

रीतीप्रमाणे अंपायर बॅटिंगवाल्यांचाच, म्हणजे आमचा सनी. मेल्याने बोट वर करताना दातही काढले. माझ्यानंतर आमची टीम पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि आम्ही हरलो.

मी हेमराजवर धावून गेलो. "घरभेद्या! एवढे दिवस हे हात कुठे ठेवले होतेस? धरायला माझाच कॅच सापडला?"

तेवढ्यात इंद्रानी हातातला झारा घेऊनच मधे आली.

"त्याला कशाला बोलता? तो कॅचखाली असताना आज पहिल्यांदाच तुमचं तोंड बंद होतं. एरवी बॉल वर गेला रे गेला की तुमचं सुरू. 'धर, धर! अरे धर! सोडलास ना, गाढवा!' बॉल अजून आभाळात असतो, आणि तुम्ही सोडलास म्हणून मोकळे!"

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण ती म्हणाली ते खरं होतं, आणि ते एवढ्या माणसांसमोर झोंबलं.

लेटन ताटलीतली कोंबडी चघळत हेमराजपाशी आला. "तू आमच्याकडे ये. मघाशी म्हणालास त्या बेकरीवाल्याला सांग, जमत नाही म्हणून. पुढच्या रविवारी तू आमच्या अकरांत."

हेमराजने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"लेटन," मी म्हणालो, "माणूस उसना दिला होता, विकला नव्हता. परत कर." मग हेमराजला म्हणालो, "पुढच्या रविवारी तू खेळतोयस. आमच्याकडून."

"एका अटीवर, अंकल."

आता अटी! पण ऐकून घेतलं.

"तुम्ही बाउंड्रीवर उभं राहायचं. एकदम लांब."

"कॅप्टनने?"

"हो."

सनी मधेच ओरडला, "मंजूर!" आणि मला कोणी विचारलंच नाही.

तर पुढच्या रविवारी कॅप्टन पार तिकडे, गाड्या लावतात त्या कडेला. मधल्या मैदानात हेमराज. सकाळपासून काळंकुट्ट आभाळ. तिसऱ्याच ओव्हरला बॉल उडाला आणि सरळ त्याच्या डोक्यावर. मी दातावर दात घट्ट धरले. देवाशपथ, हूं की चूं केलं नाही.

बॉल त्याच्या हातात आला आणि सुटला.

सगळं मैदान वळलं. हेमराजकडे नाही, माझ्याकडे. हेमराजही माझ्याकडेच बघत होता, रंग उडालेल्या चेहऱ्याने. मला कळत होतं, आता एक शब्द वाकडा गेला की हा माणूस उद्या बेकरीवाल्याला होकार देणार. पण जित्याची खोड! शिवी पार जिभेपर्यंत आली, तोंड उघडलं, आणि माझं मलाच कळेना काय बाहेर पडलं ते.

"ऊन आलं रे डोळ्यांवर! ऊन होतं फार!"

सनी तिथेच पोट धरून खाली बसला. हेमराजने मान वर करून त्या काळ्या आभाळाकडे नीट बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून माझ्याकडे ओरडला,

"हो अंकल! डोळे दिपले अगदी!"

आणि हात पँटला पुसत बोलरला म्हणाला, "टाक रे पुढचा. इकडेच येऊ दे."