मयताच्या गाडीवरचा शॉट

रुडॉल्फ, माझा मावसभाऊ, सोमवारी जहाजावर परत जाणार होता आणि त्याचा सुपर-एट कॅमेरा त्याच्याबरोबर. फिल्मचं डबडं एकच, सव्वातीन मिनिटांचं. तेवढ्यात थरारपट कसला होणार? म्हणून मी नुसता ट्रेलर करायचं ठरवलं. आमच्या गॅदरिंगचा सेक्रेटरी म्हणाला होता की मुलीनं फार तर हिरॉईन व्हावं, कॅमेरा धरणं तिचं काम नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता हा ट्रेलर धड झाला नसता, तर त्याचंच खरं ठरलं असतं.

फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर मी सतरा चौकोन काढले. एकेका चौकोनात एकेक शॉट: कोण कुठून येणार, कुठे बघणार, किती सेकंद. आगाशीचा गुरुदत्त घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि फिल्म न घालता आमची तालीम चालायची. आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही, इतकी मी हवेत होते.

कपड्यांवरून भांडणं झाली. हिरॉईन जुलियाना. तिला बहिणीच्या लग्नातला गुलाबी सॅटिनचा फ्रॉकच हवा होता. केळीच्या हिरव्या रंगात पांढराच उठून दिसेल, असं मी बजावलं. ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्या फ्रॉकला स्वतःच खळ लावून आली. खुनी बर्नार्ड. त्याला वडिलांचा गुडघ्यापर्यंतचा काळा लोकरी कोट दिला. ऑक्टोबरच्या उन्हात बिचारा घामानं निथळत होता. मुळात तो घाईचा माणूस, त्याला सावकाश चालायला शिकवताना माझा घसा बसला.

खरी जान सतराव्या शॉटमध्ये होती. खुनी आपल्या अंगावर येतोय आणि कॅमेरा त्याच्यापुढे अलगद मागे सरकतोय, पूर्ण वीस सेकंद. सायकलच्या कॅरिअरवर बसून पाहिलं, हाडं खिळखिळी झाली. बैलगाडीनं तर उरलीसुरली हौस फेडली. मग मला चर्चची मयताची गाडी आठवली. लांब, बुटकी, रबरी चाकांची. शवपेटीला धक्का लागू नये म्हणूनच ती बांधलेली. चर्चची देखभाल करणाऱ्या बॅप्टिस्टकाकांनी आधी कानांवर हात ठेवले, मग संध्याकाळच्या घंटेआधी परत आणायच्या अटीवर दिली. चाक कुरकुरत होतं, पण आमची फिल्म मुकी, कोणाला ऐकू येणार?

जागा नंदाखाल गावच्या इग्नेशियस मास्तरांची वाडी. मागच्या कुंपणापासून घराच्या अंगणापर्यंत केळींमधून सरळ वाट. मास्तर दोन महिने छातीच्या दुखण्यानं घरातच होते. आम्ही आलो म्हणून खूश होऊन अंगणात खुर्ची टाकून बसले. कुंपणापलीकडची वाडी त्यांच्या धाकट्या भावाची, फ्रेडरिककाकांची. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी मला माझ्या सतरा चौकोनांपलीकडे काही सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी सोळा शॉट झाले. एकही फुकट गेला नाही. मग मी गाडीवर पालथी झोपले, तोंड बर्नार्डकडे, कॅमेरा डोळ्याला. गुरुदत्तनं गाडी अंगणाकडे ओढायला सुरुवात केली आणि मी बटण दाबलं.

बर्नार्ड काय सुरेख चालला! चारच पावलं झाली असतील, तोच त्याच्यामागचं कुंपण हललं आणि काट्यांतून एक माणूस बाहेर पडला. बनियन घातलेला, अनवाणी. त्यानं बर्नार्डला ढकललं आणि तो थेट माझ्याकडे धावत सुटला. फ्रेडरिककाका. माझा शॉट गेला म्हणून मी शिवी हासडणार होते. पण बोट बटणावरून उठलं नाही.

"थांबा," ते गाडीमागे धावत म्हणत होते. "मला बघू द्या त्याला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुंपणावरून त्यांना काय दिसलं होतं? मास्तरांच्या वाडीत मयताची गाडी, तिच्यावर आडवं कोणीतरी आणि मागे काळा कोट. कॅमेऱ्यात खट् झालं, फिल्म संपली. मी उठून बसले, तसे काका वाटेतच मटकन खाली बसले.

मास्तर केळींना धरत धरत आले. "फ्रेड, मी आहे रे," एवढंच म्हणाले. काका ढसाढसा रडले आणि मग आम्हा सगळ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. मीही रडले. खोटं कशाला बोलू, मी माझ्या शॉटसाठी रडले.

तीन आठवड्यांनी रीळ मुंबईहून धुऊन आलं. मास्तरांच्या घरात खिडक्या लावून, भिंतीवर चादर टांगून आम्ही ते भाड्याच्या प्रोजेक्टरवर पाहिलं. फ्रेडरिककाकाही आले होते, फाटकातून. सोळा शॉट झकास. सतराव्यात बर्नार्डची चार पावलं आणि मग तो चेहरा, मोठा मोठा होत जाणारा. असं भय कुठल्या नटाला जमलं नसतं. हाच माझा शेवट, माझ्या मनानं उडीच मारली.

"तेवढं काप, विनी," फ्रेडरिककाका अंधारात म्हणाले. "लोक हसतील मला."

ते कापलं तर ट्रेलरला शेवटच उरत नव्हता. सेक्रेटरीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं. पण चेहरा काकांचा होता. कापते, असं मी म्हणाले, आणि मला फार वाईट वाटलं.

मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला. ते भावाकडे न बघता बोलले, "अकरा वर्षं मला वाटायचं, मी गेलो तरी हा कुंपणापलीकडेच उभा राहील. पुन्हा लाव, विनी. मला परत बघायचंय."

मग काका म्हणाले, "राहू दे तर."

मी रीळ मागे फिरवलं. त्या दुपारी मास्तरांनी आपल्या भावाला पाच वेळा धावत येताना पाहिलं.