निरोपाचा केक

गरम केक ताटात उलटा करायचा नसतो, हे रोहिणीताईंनी अख्ख्या कॉलनीतल्या बायकांना शिकवलं होतं, आणि आज नेमकं तेच त्यांनी केलं. भांड्याच्या बुडावर दोन थापट्या मारून भांडं उचललं, तर अर्धा केक ताटात, थोडा ओट्यावर आणि उरलेला भांड्यालाच धरून बसलेला.

"मोडला काय गं?" दारातून बायडाबाईंनी विचारलं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली भाजी कोणती ते ओळखू यायचं नाही, पण सुनांचं काही बिघडलं की बरोबर दिसायचं.

"थोडासा," रोहिणीताई म्हणाल्या.

घाई नडली होती. संजना बाजारातून यायच्या आत केक डब्यात जायला हवा होता. धाकटी जाऊ घरात शिरली की पदर खोचून "ताई, मी काही करू का?" म्हणणार, आणि तिची मदत आज त्यांना नको होती. उद्या त्यांची सेवापूर्ती होती. सिन्नरच्या शाळेत तीस वर्षं क्लार्क म्हणून काढली, रोज नाशिकरोडहून बसने जाऊन-येऊन. इतक्या वर्षांत शाळेतून जो कोणी निवृत्त झाला, त्याच्या निरोपाला रोहिणीताईंचा केक ठरलेला. कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ घालून केलेला वेलचीचा केक. मुख्याध्यापक सहा झाले, केक एकच राहिला. आता स्वतःच्या निरोपाचाही त्यांनीच करायचा होता. दुसरं कोण करणार?

खरं तर करणारी घरातच होती, आणि दुखणं तेच होतं.

संजना देवळ्याची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा थापता येत नव्हती. कुकरमधला केक तिला रोहिणीताईंनीच शिकवला. मग लॉकडाऊन आला, बाईसाहेबांनी फोनवर बघून बघून चॉकलेटचे गोळे, म्हणजे ट्रफल, असे काय काय प्रकार करून विकायला सुरू केले, आणि बघता बघता फ्रीजचे दोन कप्पे तिचे झाले, अर्धा ओटा तिचा झाला. गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात एक अनोळखी बाई रोहिणीताईंना म्हणाली, "तुम्ही त्या ट्रफलवाल्या संजनाच्या जाऊ ना?" त्या दिवशी खीर त्यांच्या घशाखाली उतरली नाही. कालपर्यंत संजना त्यांची जाऊ होती. आता त्या संजनाच्या झाल्या होत्या.

संजना आलीच. तिने ओट्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

"मस्त ओलसर झालाय की. याचे ट्रफल होतील ताई. ट्रफलला केक कुस्करावाच लागतो, तुमचं अर्धं काम झालंय."

ती हसून म्हणाली, अगदी मनापासून. रोहिणीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुसरा केक करायला घरात ना अंडी होती ना लोणी, आणि सकाळी सव्वासहाची बस होती. "कर बाई," त्या म्हणाल्या.

संजनाने केकचा चुरा केला, त्यात कंडेन्स्ड मिल्क घातलं, लिंबाएवढे गोळे वळले. मोजून साठ. ते फ्रीजमध्ये गार होईपर्यंत तिने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर काचेचा बाऊल ठेवून त्यात चॉकलेटचे तुकडे वितळवले. चॉकलेट असं चकचकीत झालं की त्यात तोंड दिसावं. रोहिणीताई शेजारी सिंकपाशी भांडी विसळत होत्या.

"ताई, थोडं जपून. याच्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला ना, सगळं फाटतं."

वाक्य साधं होतं. पण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सिंकपाशी, आपण शिकवलेल्या मुलीने आपल्याला जपून राहायला सांगावं, हे त्यांना पचलं नाही. संजना फ्रीजमधून गोळे काढायला वळली. रोहिणीताईंनी ओले हात बाऊलवर झटकले. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

संजनाने परत येऊन चमचा फिरवला. चॉकलेट दाटलं, रवाळ झालं, चिखलासारखं चमच्याला लोंबू लागलं.

"असं कसं झालं?" ती स्वतःशीच म्हणाली. गॅस बारीक केला, पुन्हा हलवलं. "वाफ गेली वाटतं आत. माझंच चुकलं. सॉरी ताई. तुमच्या उद्याच्या कार्यक्रमाचं आणि मी..."

"असू दे. होतं," रोहिणीताई म्हणाल्या. स्वतःचा मायाळू आवाज ऐकून त्यांनाच कसंसं झालं.

चॉकलेटची अर्धी वडी शिल्लक होती. तेवढ्यात तीस गोळे झाले. काट्या-चमच्याने एकेक बुडवून, निथळून, संजनाने ते बटर पेपरवर मांडले. उरलेले तीस खोबऱ्याच्या किसात घोळवले. बायडाबाईंनी एक चाखला.

"लाडू लय भारी झाले गं संजना," त्या म्हणाल्या. केक कोणाचा होता ते त्यांनी विचारलं नाही.

शाळेत दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, आता मॅडमच्या हातचा केक. गेणू शिपायाने टेबलावर खोका ठेवला. झाकण उघडताना रोहिणीताईंच्या लक्षात आलं, खोक्यावर नाव नव्हतं. संजना प्रत्येक खोक्यावर आपल्या नावाची गुलाबी चिकटपट्टी लावायची. बारशाला दिलेल्या चार ट्रफलवरसुद्धा लावायची. आज लावली नव्हती.

चॉकलेटचे तीस गोळे पाच मिनिटांत संपले. खोबऱ्याचे मागे राहिले.

"मॅडम, हे कधी शिकलात? इतकी वर्षं लपवून ठेवलंत होय?" गणिताच्या बाईंनी विचारलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? सोमवारपासून या माणसांशी संबंधच उरणार नव्हता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"माझ्या जावेने केलेत," त्या म्हणाल्या. "संजना नाव तिचं."

"तरीच," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि फोन काढून नंबर लिहून घेऊ लागल्या. ते 'तरीच' रोहिणीताईंना बसमध्ये नाशिकरोड येईपर्यंत बोचत राहिलं. पण त्याहून जास्त बोचत होता तो बिननावाचा खोका.

घरी आल्या तेव्हा संजना स्वयंपाकघरात होती. हातात फोन, समोर बाऊल. कोणीतरी इंग्रजीत चॉकलेट वितळवून दाखवत होतं.

"कसा झाला ताई कार्यक्रम?"

"चांगला झाला." त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली. बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरली होती. "संजना, काल वाफ नव्हती गेली. पाणी मी टाकलं होतं."

संजनाने फोन बंद केला.

"चुकून?"

"नाही."

आता ती म्हणेल, जाऊ द्या ताई. मोठ्या जावेला धाकटीने एवढं म्हणायचंच असतं, असं त्यांना वाटलं होतं.

"मी काल झोपलेच नाही," संजना म्हणाली. "कुठे चुकलं, कुठे चुकलं, हेच. सकाळपासून सोळा व्हिडिओ बघितले." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हीच मला हातात भांडं धरायला शिकवलंत ताई. मला वाटायचं, माझं बघून तुम्हालाच सगळ्यांत जास्त आनंद होतो."

रोहिणीताईंना आनंद होत नव्हता, हेच खरं होतं.

संजनाने बाऊल पुसला. मग साचे एकात एक घातले, बटर पेपरची गुंडाळी, वजनकाटा, चॉकलेटचा डबा, सगळं एका परातीत भरलं. फ्रीजचे दोन्ही कप्पे रिकामे केले. परात घेऊन ती आपल्या खोलीत गेली. सहा वर्षांत या घरात कोणाला स्वयंपाकघरातली वस्तू आपल्या खोलीत नेऊन ठेवावी लागली नव्हती. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, मग किल्ली फिरल्याचा.

"चहा ठेवा गं कुणीतरी," बाहेरून बायडाबाई म्हणाल्या.

रोहिणीताईंनी पातेलं घेतलं. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. पातेलं कुठेही ठेवता आलं असतं. त्यांनी तीन कप पाणी मोजून घातलं आणि संजनाच्या खोलीचं दार उघडतंय का, ते ऐकत उभ्या राहिल्या.