पंख्यावरचं कुंकू

"ताई, झाकण अजिबात उघडायचं न्हाई. सील तुटलं की गॅरंटी गेली. मग माझ्याकडं येऊ नका."

युवराजला हे बोलून तीन आठवडे झाले होते, तरी रोहिणीच्या कानात त्याचे शब्द जसेच्या तसे होते. अंबाजोगाईत भर रस्त्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. रोहिणीच्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या स्क्रूवर त्यानं दुकानाच्या नावाचं कागदी सील चिकटवलं आणि बोट नाचवून बजावलं. रोहिणी नेमाची बाई. सोमवार, चतुर्थी, रोज पोथीचा एक अध्याय. पाळायचं म्हटलं की पाळायचं. तिनं ते सीलही पाळलं.

नवरा धर्मराज लग्नाच्या शूटिंगा घ्यायचा आणि पुढच्या खोलीत बसून रोहिणी त्या कापून-जोडून व्हिडिओ करायची. कॉम्प्युटर सहा वर्षांचा, गाभण म्हशीसारखा चालायचा. वैशाखातली लग्नं भाद्रपदापर्यंत तुंबली होती. तेव्हा युवराजनं उपाय काढला होता.

"नवं मशीन कावून घेता? हाच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून देतो की. बैल तोच, चाल घोड्याची. फक्त तापतो लई, म्हणून त्याच्यावरचा पंखा काढून दुसरा मोठा टाकावा लागंल. पंखा आन् काम धरून साडेचार हजार."

रोहिणीनं पैसे दिले. ते कुणासाठी दिले हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेलगावच्या पुढं एका वस्तीवर राहणाऱ्या मंजुळाबाईच्या लेकीचं लग्न धर्मराजनं शूट केलं होतं. श्रावणात मंजुळाबाईचा नवरा मुंजाजी विहिरीवर मोटारीचा शॉक बसून गेला. दिवस उरकल्यावर ती अंबाजोगाईला आली आणि दारातच बसली.

"ताई, लेकीला वाटं लावताना धनी बोल्लेत त्याच्यात. माझ्यापाशी त्यांचा दुसरा आवाजच न्हाई. दसऱ्याला आमची गाडी हालती साखर कारखान्याला. यंदा पुतण्यासंगं चालले ऊसतोडीला. पाचटाच्या कोपीत ऐकंन म्हणते."

कॅमेऱ्यातल्या फायली तिच्या मोबाइलवर उघडेनात. रोहिणी म्हणाली होती, "गाडी हालायच्या आत तुझ्या हातात देते, बाई." एवढंच. पण तिच्या लेखी ते देवापुढं बोलल्यासारखं होतं.

ओव्हरक्लॉक केलेलं मशीन पहिले चार दिवस खरंच पळालं. छोटी छोटी कामं फटाफट उरकली. मग मंजुळाबाईच्या लेकीचा तीन तासांचा व्हिडिओ तयार करायला लावला, आणि तिसरा हिस्सा झाला न झाला तोच मशीन फट्दिशी बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद.

फोन केला तर युवराज म्हणाला, "लोड हाय ताई. टेबलफॅन लावा बाजूला." लावला.

"घरचं वायरिंग बघून घ्या." बघितलं.

"सकाळी गारव्याला करा की." पहाटे आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून मशीन सुरू केलं. पोथीचा अध्याय संपायच्या आत ते बंद.

बारा वेळा. रोहिणीनं मोजलं होतं.

धर्मराज म्हणाला, "उघडून बघू का?"

"नको. त्यानं न्हाई म्हणून सांगितलंय."

खंडेनवमी उजाडली. नवरात्रात रोहिणी अनवाणी असते, एक वेळ खाते, आणि नऊ दिवस कुणाला वाकडा शब्द बोलत नाही. त्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा. धर्मराजनं कॅमेरे पाटावर मांडले. रोहिणी दर खंडेनवमीला कॉम्प्युटरचा डबा उघडायची, मऊ ब्रशनं आतली धूळ काढायची, आणि प्रोसेसरवरच्या पंख्याच्या मधल्या चकतीला बोटानं कुंकू लावायची. सगळं काम तो डोक्यावर घेतो, म्हणून त्याचा मान. यंदा ती ब्रश घेऊन सीलपुढं बसून राहिली. वरूनच कुंकू लावून उठावं असं मनात आलं. पण वर्षाची धूळ आत ठेवून पूजा कसली? देवाचं सांगणं मोठं का युवराजचं?

तिनं सील नखानं फाडलं.

झाकण निघालं. आत मोठा पंखा नव्हता. तोच जुना, तळहाताएवढा पंखा होता, आणि त्याच्या चकतीवर तिचंच गेल्या वर्षीचं कुंकू, सुकून तपकिरी झालेलं.

झाकण न लावताच तिनं डबा उचलला, पोटाशी धरला आणि नवमीच्या उन्हात, तापलेल्या डांबरावरून अनवाणी दुकानाकडं चालू लागली. धर्मराज मागून "गाडीवर सोडतो की!" म्हणत राहिला. तिला ऐकू आलं नाही.

युवराजच्या दुकानातही पाट मांडला होता. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, झेंडूची फुलं, उदबत्ती. दोन गिऱ्हाइकं पेढे खात उभी होती.

"या ताई, पेढा घ्या!" तो म्हणाला, आणि उघडा डबा बघून थबकला. "सील तोडलं का? आता माझी जबाबदारी न्हाई."

"पंखा कुठाय?"

"कोणता पंखा?" त्यानं आत डोकावलं. पहिल्यांदा तो चपापला, मग त्याला वाटच सापडली. "हे बघा, हे बघा! कुंकू! आवो, मशीनमधी कोण कुंकू घालतं? म्हणूनच तापतंय. तुमी बाया बी ना, फ्रीजला कुंकू, गिरणीला कुंकू..."

गिऱ्हाइकं हसली.

रोहिणीचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की हसणारे ऐकायला पुढं झाले.

"हे कुंकू कधीचं हाय, युवराज?"

आजवर ती त्याला युवराजभाऊ म्हणायची. त्याच्याही ते ध्यानात आलं.

"मला काय ठाऊक?"

"मला हाय. मागच्या खंडेनवमीचं. माझ्या बोटानं लावलेलं. तू पंखा बदलला असतास तर हे कुंकू तुझ्या कचऱ्यात असतं. माझ्या मशीनमधी कसं राहिलं?"

एका गिऱ्हाइकानं हातातला पेढा तसाच खाली ठेवला.

"ताई, झालं काय, त्या टायमाला माल आला नव्हता..."

"मग सील कावून लावलंस? मी उघडू नये म्हणून? बारा वेळा बंद पडलं हे. फोन केला तुला. टेबलफॅन लाव म्हणालास. वायरिंग बघ म्हणालास. एकदा तरी म्हणायचंस, पंखा टाकायचा राहिला. मी देवाच्या आधी तुझं ऐकलं रे. एका विधवा बाईला शब्द दिलाय मी. तिचा नवरा त्या डब्यात बोलतोय, आन् तुझ्यामुळं तो तिसऱ्या हिश्शाला गप होतोय. ठेव हात त्या पाटावर. तुझ्याच हत्यारावर ठेव आन् सांग, पंखा टाकला म्हणून."

"देव-बिव मधी कशाला आणता..."

"ठेव म्हणते ना."

त्यानं हात ठेवला नाही. कानामागं खाजवत म्हणाला, "दसरा झाला की नवा पंखा टाकून देतो. फुकट."

"तुझा पंखा नको. पैसे माघारी दे, आन् स्पीड होता तिथं आणून ठेव. आत्ता. मी इथंच उभी हाय."

त्यानं डब्याला मॉनिटर जोडला. निळ्या पडद्यावर चार-सहा बटणं दाबली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रोहिणीला वाटलं होतं, काही अवघड विद्या असेल. पाच मिनिटांचं काम, आणि तेवढ्यासाठी तिनं तीन आठवडे स्वतःच्या घरातला डबा उघडला नव्हता! त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला. नेम देवाचा असतो. कुणीही उठून बोट नाचवावं आणि आपण त्याचा नेम करावा, हा कसला भाबडेपणा!

पैसे घेऊन तिनं डबा उचलला. पेढ्याकडं बघितलंही नाही.

घरी येऊन तिनं धूळ काढली, झाकण लावलं आणि व्हिडिओ सुरू केला. मशीन पुन्हा गाभण म्हशीसारखं चालू लागलं. एक टक्का, दोन टक्के. पण थांबलं नाही. दसऱ्याच्या सकाळी ती उठली तेव्हा पडद्यावर शंभर होते.

तिनं एकच जागा लावून बघितली. मांडवाच्या दारात उभा राहून मुंजाजी लेकीला म्हणत होता, "रडू नगं. फोन करत जा. मी हाय ना."

तिनं ते तिथंच थांबवलं. मेमरी कार्डात भरून घेतलं, कार्ड कागदात गुंडाळलं.

मोबाइल वाजला. युवराजचा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच निरोप होता: 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' खाली आपट्याच्या पानाचं चित्र. दसऱ्याला मनातलं किल्मिष सोडावं म्हणतात. रोहिणीनं तो निरोप पुसून टाकला. पुढच्या वर्षी बघू.

घट हलवून धर्मराज बाहेर आला. "मंजुळाबाईचा फोन होता. मुकादम घाई करतोय, गाडी बाराच्या आत हालती म्हणे. पुरणपोळी तरी खाऊन जा. मी नेतो तुला."

"शेजारी सोनं द्यायला येतील. तुमी घरी थांबा. नऊची तेलगावची एसटी हाय."

तिनं पदर खोचला, कागदाची घडी कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि पुरणपोळीसाठी न थांबता स्टँडच्या रस्त्याला लागली.