जुन्या बिलांच्या तळाशी

भैरीबुवाची शपथ घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझ्या ताटातला तळलेला बांगडा उठून भाट्याच्या खाडीत पोहायला जाऊ दे.

तर कमळा. माहेर केळशीचं, पण रत्नागिरीत एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होती. टायपिंग असं की पलीकडच्या टेबलावर हेडसरांचा चहा बशीत सांडायचा. मग शाळेत कॉम्प्युटर आले. माऊसनं टिचक्या मारायचे नव्हते ते. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा. सगळा स्टाफ बावरला, कमळा नाही. हुकूम सोडायची तिला सवयच होती, असं घरचे म्हणायचे.

रिटायर झाल्यावर घरच्या लॅपटॉपवरही तिनं तोच काळा पडदा ठेवला, नि सुनेला, मृणालीला, शिकवला. मृणाली घरी बसून आंब्याच्या पेट्यांची लेबलं नि जाहिराती करायची. लॅपटॉप दोघींचा मिळून एकच.

कमळाचा मुलगा हरिश्चंद्र मोठ्या बोटीवर मोटरमन होता, खाली इंजिनाकडे. मागच्या साली मार्चात बोटीवरच गेला. झोपेत. घरी यायला त्याला सव्वीस दिवस लागले.

बोटीवरून त्यानं पाठवलेले व्हिडिओ लॅपटॉपवर होते. रोज चारच्या सुमारास कमळा ते लावून बसायची. "आई, जेवलीस काय गो?" घरभर आवाज. आत मृणाली गॅस बारीक करायची. तीनदा तिनं चहाचा कप एक जास्त मांडला. चौथ्या वेळी बाहेर आली नि म्हणाली, "आई, ते काढून टाका. मला नाही ऐकवत." रडली नाही. कोथिंबीर संपली सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कमळा म्हणाली, "काढलं."

काढलं नव्हतं. फोनवरचे तेवढे पुसले, मृणालीच्या नजरेला पडू नयेत म्हणून. लॅपटॉपवरचे ठेवले. आता ठेवले कुठे? तर केळशीला कमळाची आई पाटल्या कपाटात ठेवायची नाही. तांदळाच्या पिंपात, पार तळाशी. चोर कपाट फोडतो, तांदूळ कोण उपसत बसतो? तसंच केलं हिनं. 'जुनी बिलं' म्हणून एक फोल्डर होता. त्याच्या पोटात २०१६, त्याच्या पोटात लाईट, त्याच्या पोटात भरलेली, असे सात थर खाली उतरून तिथं हरिश्चंद्राला ठेवलं. मृणाली बाजारात गेली की कानात वायर घालून ऐकायची.

असे आठ महिने गेले.

मग एका सकाळी, ऐन आंब्याच्या गर्दीत, मृणाली म्हणाली, "आई, लॅपटॉपात जागाच नाही. बागवाल्याचे व्हिडिओ उतरवायचेत, बाराला सगळं द्यायचंय. ही जुनी बिलं उडवते. लाईटबिल आता मोबाईलवर येतं."

कमळा शेजारी बसून काजूगर सोलत होती. मान वर केली. खोटं बोललात असं सून म्हणाली असती, तर म्हणू दे. पण त्यानंतर पुन्हा तेच, काढा, नाही ऐकवत. तोंड उघडायचं म्हणजे एवढं सगळं. तिनं नाही उघडलं.

मृणालीनं टाइप केलं. आरेम, पुढे डॅश आर, पुढे फोल्डरचं नाव. नुसतं आरेम एक फाईल उडवतं. डॅश आर लावलं की फोल्डर, त्याच्या पोटातला, त्याच्याही पोटातला, मुळापर्यंत सगळं साफ. मध्ये कचऱ्याचा डबा नाही की परत काढून घेऊ. हो-नाही विचारतसुद्धा नाही. म्हणून कमळानंच शिकवलं होतं, दोनदा मोठ्यानं वाच नि मग एंटर. मृणालीनं दोनदा वाचलं.

"बरोबर ना?"

"बरोबर," कमळा म्हणाली.

एंटर. पंखा जरा घरघरला नि खालच्या ओळीवर ती पांढरी रेघ लुकलुकायला लागली. बस. काळा पडदा काम झालं की बोलत नाही, चुकलं तरच बोलतो.

अजून वेळ होता. शाळेत कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा तो काशीराम सांगायचा, बाई, पुसलं म्हणजे गेलं नाही. दारावरची पाटी तेवढी निघाली. आत कोणी नवीन राहायला आलं नाही तोवर जुनं परत काढता येतं. कमळाला हे पाठ होतं, मृणालीलाही तिनंच सांगितलेलं. समोर मृणाली कार्ड घालून बागेचे व्हिडिओ उतरवायला लागली. नऊ टक्के. चौदा टक्के. कमळानं आणखी एक काजू सोलला. छातीत काही होतंय का म्हणून तिनं वाट पाहिली. काही होत नव्हतं. मांडी घालून पायाला मुंग्या यायच्या आधी पाय आपला वाटत नाही, तसं.

"किती जागा झाली गो?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं. क्लार्कची सवय, दुसरं काय.

"एकोणीस जीबी." मृणाली थांबली. "आई, लाईटबिलं एवढी जड?"

"जुनी होती. ओल धरली असेल."

मृणालीला हसू आलं नि अर्ध्यावर राहिलं. तिनं कमळाकडे पाहिलं. मग खुंटीवर लटकणाऱ्या कानातल्या वायरीकडे. फोनसाठी घेतली म्हणे कमळानं, पण फोन तर ती मोठ्यानंच लावायची. पडद्यावर एकतीस टक्के झाले होते.

मृणालीचं बोट बटणावर गेलं. "थांबवू?"

कमळानं पुढचा काजू उचलला.

"आई, आत्ता सांगा. थांबवू?"

छत्तीस. सदतीस.

"आंबा थांबतो काय?" कमळा म्हणाली.

मृणालीनं बोट काढून घेतलं. मग दोघी पडद्याकडे बघत बसल्या, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा, शंभर होईपर्यंत.

झाल्यावर मृणाली उठली, चहा करून आणला. दोन कप. खाली बसून म्हणाली, "शेवटच्यात काय म्हणाला होता?"

"तुझंच विचारत होता," कमळा म्हणाली. "म्हणाला, मृणाल फोन ठेवताना हसायची, अजून हसते काय गो."

मृणालीनं मान हलवली, चहा संपवला नि लेबलं करायला बसली. बाराच्या आत दिलीसुद्धा.

शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. ते हसण्याचं मी पदरचं घातलं. मला राहवलं नाही. मृणालीनं विचारलं तेव्हा कमळा "आठवत नाही" एवढंच म्हणाली, नि काजू सोलत राहिली.