परक्या कपाळावरचा चष्मा

माझ्या डाव्या काडीच्या सांध्यावर हिरवा दोरा गुंडाळलेला आहे. एवढी खूण सांगितली, तरी पेणच्या रामवाडीजवळच्या आमच्या कारखान्यात मला कोणीही ओळखेल. मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. तपकिरी चौकटीचा, साधा, जवळचं पाहण्यासाठी केलेला. ही गोष्ट माझी असली, तरी खरी ती माझ्या मालकिणीची, पुतळीमावशीची आहे. तिच्या नाकावर बसून मी तिचं सगळं काम पाहिलं. फक्त एकदा, नेमका जेव्हा असायला हवा होतो, तेव्हा मी तिथे नव्हतो.

मावशी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. पांढऱ्या रंगावर आधी पापणीची काळी रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा थेंब. तो थेंब पडला की मूर्तीची नजर बसते. वय वाढलं तशी मावशीला रेघेची कड धूसर दिसू लागली. तेव्हा कारखान्यात रंगकाम करणारी ऋतुजा तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली.

तिथे माझा जन्म झाला. दुकानदाराने विचारलं, "काम किती लांबून करता?" मावशीने हवेत ब्रश धरला आणि समोर गणपती असल्यासारखी मान पुढे केली. त्याने तिच्या डोळ्यापासून ब्रशच्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. माझी भिंगं त्या अंतरासाठी घडली.

शिवाय मावशीच्या उजव्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल नाही, किंचित अंड्यासारखा आहे. अशा डोळ्याला एका दिशेची रेघ रेखीव दिसते आणि दुसऱ्या दिशेची पसरट. म्हणून माझं उजवं भिंग ठरावीक कोनात फिरवून बसवलेलं आहे. चष्म्याच्या नंबराला नुसती ताकद नसते, दिशाही असते. भिंग थोडंसं जरी फिरलं, तरी रेघ पुन्हा पसरते.

मावशीने मला जपलं. रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुवायची आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपायची. तिचा दोष एकच होता. तिला कोणालाही 'नाही' म्हणता येत नसे.

मावशी रोज रोह्याहून पेणला कामाला येते. रोह्याला तिच्या शेजारी धोंडुबाई राहते. ती दारातूनच हाक मारायची, "पुतले, तुजे डोले दे गो जरा, तांदूल निवडते!" धोंडुबाईचं मला वाईट वाटलं नाही. ती घरची होती, आणि मला परत आणून देताना पदराआड शेवग्याच्या शेंगाही आणायची. पण बँकेत, रेशनच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर, नाव-गाव माहीत नसलेली माणसंसुद्धा हात पुढे करायची. मी किती नाकांवर बसलो, त्याचा हिशेब नाही. काहींच्या बोटांना तेल असायचं, काहींच्या तंबाखू. डावी काडी सांध्यात सैल झाली ती अशीच. हिरवा दोरा तेव्हाचा आहे.

ऋतुजा चिडायची. "मावशी, उद्या कोणी तुझा दात घासायचा ब्रश मागितला, तर देशील?"

"शी! काय बोलतेस गो!"

"मग चष्मा पण तसाच असतो. तुझ्या एकटीचा."

"आता तोंडावर नाय कसं म्हणायचं? समोरचा काय माझी बुगडी मागतो? दोन मिनटांचं तर काम."

मी गप्प असायचो. चष्म्याला तोंड नसतं, आणि दाखवायला हातही नसतात.

गेल्या वर्षी एक मोठी गोष्ट घडली. रोह्याच्या ज्या आळीत मावशी राहते, तिथल्या मंडळाचा गणपती आमच्याच कारखान्यातून जातो. त्याचे डोळे इतकी वर्षं मालक पोपटशेठ स्वतः आखत. गेल्या वर्षी ते म्हणाले, "मावशी, औंदा मोठ्याची आखणी तू कर. रोह्याची माणसं सोंड बघत नाय, नजर बघतात. हात कापला तर माझं नाव जाईल, ध्यानात ठेव."

"नाय कापायचा," मावशी एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी तिने मला दोनदा धुतलं.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. मूर्तीचा पहिला डोळा ज्या हाताने आखला, दुसराही त्याच हाताने आखायचा, आणि शक्यतो एका बैठकीत. मावशी स्टुलावर चढली आणि तिने डावा डोळा आखला. थेंब टेकवला तेव्हा खाली उभ्या असलेल्या ऋतुजाने हात जोडले. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि वीजही गेली. पोपटशेठ म्हणाले, "राहू दे. सकाळी उजेडात दुसरा कर. टेम्पो संध्याकाळी यायचाय." अर्ध्या नजरेची मूर्ती उघडी ठेवत नाहीत. मावशीने तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ रुमाल टाकला, मोबाइलवर घेतलेला डाव्या डोळ्याचा फोटो एकदा तपासला आणि ती रोह्याची गाडी धरायला निघाली.

रेल्वेचा डबा अर्धा रिकामा होता. मावशी मला लावून तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होती. समोर एक नीटनेटके, वयस्क गृहस्थ बसले होते. ते आपला मोबाइल डोळ्यांजवळ न्यायचे, लांब धरायचे, पुन्हा जवळ आणायचे. शेवटी म्हणाले, "मावशी, तुमचा चष्मा जरा देता का? माझा घरी राहिला. मिसेसचा रिपोर्ट आलाय, तेवढा बघतो. दोनच मिनिटं."

मावशीचा हात माझ्या काडीपाशी आला आणि थांबला. मी मनात म्हटलं, 'नको. आज नको. उद्याचा डोळा बाकी आहे.' मग तो हात पुढे झाला.

त्यांचं डोकं रुंद होतं. माझ्या काड्या ताणून फाकल्या. माझ्या उजव्या भिंगातून त्यांना अक्षरं नीट दिसेनात, म्हणून तो डोळा मिटून त्यांनी रिपोर्ट वाचला, आणि लगेच फोन वाजला. "हो पद्मजा, वाचतोय... नाही गं, घाबरू नकोस, साखर थोडीशीच..." बोलता बोलता त्यांनी मला वर सरकवलं, कपाळावर.

मित्रांनो, कपाळावर बसलेल्या चष्म्याला फक्त डब्याचं छत दिसतं. मी छताकडे बघत राहिलो. समोर मावशी गप्प बसली होती. चष्मा देताना तिला नाही म्हणता आलं नव्हतं, आता परत मागताही येईना. माणूस आजारपणाचं बोलतोय, मध्येच कसं मागायचं? नागोठणे आलं. ते गृहस्थ "उतरतोय, उतरतोय" असं फोनवर म्हणत उठले आणि फलाटावर उतरले.

"ओ भाऊ! ओ, चष्मा माझा!" मावशीचा आवाज मी ऐकला. गाडीच्या भोंग्याखाली तो बुडाला. मला दिसत होतं ते फक्त काळं आभाळ.

दामोदर मास्तर हे त्यांचं नाव. घराचं दार उघडताच त्यांची पत्नी म्हणाली, "अहो, कपाळावर हे कुणाचं?" मास्तरांनी हात वर नेला आणि ते तिथेच खुर्चीवर बसले. "त्या मावशींचा गं. नावही विचारलं नाही मी." त्यांनी मला मऊ कापडात गुंडाळून ठेवलं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या चांगुलपणाचा त्या रात्री मला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय झालं, ते मला पुढे ऋतुजाच्या बोलण्यातून कळलं. पोपटशेठनी स्वतःचा चष्मा दिला. मावशीने तो लावून पुठ्ठ्यावर रेघ काढून पाहिली, ती जाडबारीक आली. शेजारच्या दुकानातून तयार चष्मा आणला. बुबुळ कलतं झालं. चष्मेवाला म्हणाला, तिरक्या नंबराचं भिंग पनवेलहून यायला दोन दिवस लागतील. दुपार कलली.

"मावशी, टेम्पो थांबायचा नाय," पोपटशेठ म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यामुळे मावशीला जास्त लागलं.

मूर्तीवरचा रुमाल तिने स्वतः काढला. ब्रश त्यांच्या हातात दिला. ते स्टुलावर चढले तेव्हा रंगाची वाटी धरून तीच खाली उभी राहिली. दुसरा डोळा पोपटशेठनी आखला. चांगला आखला. फक्त तो त्यांच्या हाताचा होता.

संध्याकाळी मास्तर मला खिशात घालून नागोठण्याच्या फलाटावर उभे होते. गाडी आली, ते खिडक्या-खिडक्यांतून डोकावले, गाडी गेली. मावशी त्या वेळी टेम्पोत मूर्तीला धरून बसली होती. टेम्पो बहुधा आमच्या जवळूनच गेला असेल.

त्यानंतरच्या दिवशी मास्तर पेणला आले. गाडीत त्यांनी मावशीच्या नखांना लागलेला सोनेरी रंग पाहिला होता, म्हणजे ती गणपतीच्या कारखान्यातली, असा त्यांनी अंदाज बांधला. 'सोनेरी रंगाची नखं असलेल्या मावशी' असं विचारत ते कारखान्यामागून कारखाने हिंडले. आमच्या दारात पोचले तेव्हा दुपार झाली होती.

"मी दामोदर. नागोठण्याचा, निवृत्त शिक्षक. यांचा चष्मा..."

पोपटशेठनी मान वर केली. "मास्तर, झाली का दोन मिनटं?"

 मास्तरांनी मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "मावशी, चुकलं माझं. फार चुकलं."

मावशी मला घेत म्हणाली, "बाईंची तब्येत बरी हाय ना?"

"हो. औषध बदललंय."

"मंग झालं." आणि तिने मला डोळ्यांवर चढवलं. लगेच तिने मान तिरकी केली. फाकलेल्या काड्यांमुळे मी नाकावर कललो होतो, आणि माझ्याबरोबर ती रेघेची दिशाही. परत मिळालेली वस्तू दिली होती तशीच असते, असं नाही. चष्मेवाल्याने काड्या गरम करून वाकवल्या. बऱ्याचशा सरळ झाल्या.

गणपती बसले. मावशी आणि धोंडुबाई मंडपात गेल्या. लांबचं मावशीला माझ्याशिवाय दिसतं, म्हणून मी तिच्या मुठीत होतो. "काय नजर हाय गो!" धोंडुबाई म्हणाली. येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता. मावशी मूर्तीकडे बघत हळूच म्हणाली, "डावा माझ्याकडं बघतो. उजवा पोपटशेटकडं."

"काय तरीच तुजं!" धोंडुबाई हसली.

तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने मोबाइल पुढे केला. "मावशी, चष्मा द्या ना जरा. पोराने गाडीचं काय कळवलंय ते बघतो. दोन मिनटं."

मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. 

"चष्मा नाय देत दादा," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या डोळ्यांच्या मापाचा हाय तो."

"एवढं काय हो? खातो का काय चष्मा?"

"नाय खात. पण नाय देत. आणा इकडं मोबाइल, मी वाचून दाखवते." तिने मला नाकावर चढवलं आणि सगळं वाचून दाखवलं. तो माणूस आधी फुगलेला होता, शेवटी "बरं झालं मावशी" म्हणून गेला.

त्या रात्री धोंडुबाईने आळीभर सांगितलं की पुतळी नाय म्हणाली.

विसर्जनाला मूर्ती कुंडलिका नदीत गेली. दोन हातांचे दोन डोळे पाण्याखाली गेले, आणि ती दुसरी रेघ बदलण्याची वेळ कायमची संपली. मोठ्या गणपतीचं यंदा काय, हे पोपटशेठ अजून बोललेले नाहीत. मावशीने विचारलेलं नाही. मला विचारता येत नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू काही बोलू शकत नाही. कोणाच्या हातात जायचं ते आम्ही ठरवत नाही, तुम्ही ठरवता. कोणाच्या अंगाची, डोळ्यांची, हातातल्या कामाची वस्तू मागण्याआधी थोडं थांबा. तिच्यावर त्या माणसाचं उद्याचं काय अवलंबून आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि तुमच्याकडे कोणी चष्मा मागितला, तर शांतपणे नाही म्हणा. मग लगेच विचारा, "काय वाचायचंय?"