वळणावर ऐकू येणारी गाडी

गाडी दादाची होती. कागदावर ती आता धाकटीच्या नावावर झाली होती, पण घरात तिला धाकटीची गाडी कोणी म्हणत नसे. उंच, सडपातळ, डांबरी रस्त्यावर चालेल तशीच मातीच्या पायवाटेवरही चालेल अशी. धाकटीचे पाय जमिनीला टेकायचे ते फक्त चवड्यांवर. दादा जाऊन सोळा महिने झाले होते. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि नऊ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

धाकटीला नोकरी लागली ती डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी मोजायची. आठ ओढे, आठ मोजपट्ट्या, रोज जाऊन आकडे टिपायचे आणि संध्याकाळी कचेरीत नेऊन द्यायचे. निम्मी वाट दगडगोट्यांची. दुसऱ्या गाडीचं ते कामच नव्हतं. म्हणून शेडमध्ये धूळ खात पडलेली दादाची गाडी बाहेर आली, पुसली गेली आणि सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. दादाने हौसेने कंपनीचा सायलेन्सर काढून एक आखूड, जवळजवळ पोकळ नळकांडं बसवलं होतं. लोखंडी पिंप कोणी दांडक्याने बडवावं, तसा त्याचा आवाज.

आता घर कुठे आहे ते सांगायला हवं. घर तळ्याच्या अलीकडे. पलीकडच्या काठाने रस्ता चढतो, माथ्यावर वळतो आणि मग अख्ख्या तळ्याला वळसा घालून दाराशी येतो. गाडीला वळणापासून घरापर्यंत चार मिनिटं लागतात. आवाजाला लागत नाहीत, तो पाण्यावरून सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत येतो. त्यामुळे या घराची एक रीतच पडली होती. वळणावर धडधड ऐकू आली की आई चहाला आधण ठेवायची आणि फळीवरून दादाचा उंच निळा मग काढायची. गाडी दारात, चहा मगात. दादा म्हणायचा, "आई, तू माझी वाट बघत नाहीस, माझ्या सायलेन्सरची बघतेस."

धाकटी पहिल्या दिवशी कामावरून परतली तेव्हा निळा मग टेबलावर होता.

आई हातात गाळणं धरून दाराकडे बघत होती. धाकटीने हेल्मेट काढलं. आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सावकाश खाली उतरलं, पाणी जमिनीत मुरतं तसं. तिने तो निळा मग परत फळीवर ठेवला, धाकटीचा कप काढला आणि म्हणाली, "हात धू. भूक लागली असेल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आई रडली असती, चिडली असती, तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण आई काहीच म्हणत नव्हती, आणि धाकटी रोज दाराशी येऊन हेल्मेटचा पट्टा सोडायला वेळ लावू लागली. दादा गेला ही बातमी रोज संध्याकाळी आपणच नव्याने घरी आणतो, असं तिला वाटायचं. दोन आठवडे तिने कसेबसे काढले आणि मग गाडी ढकलत मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात नेली. सुरू करून नेण्याची हिंमतच झाली नाही.

"काका, आवाज न करणारा सायलेन्सर पाहिजे."

मिस्त्रीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्याकडे येणारी पोरं उलटं मागतात. बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. आई नाही."

दादाचा तो नळकांड्यासारखा सायलेन्सर त्यांनीच बसवून दिला होता. ते माळ्यावर चढले आणि दोन नग घेऊन उतरले. एक कंपनीचा, दादाने काढून ठेवलेला, लांबलचक आणि जड. दुसरा जुना बाजारातला, मध्यम, आतली, आवाज शोषणारी काचेची लोकर बदलून मिळेल असा. तिसरा उपाय म्हणजे दादाच्याच नळकांड्यात आतून एक बारीक नळी बुचासारखी बसवायची.

"कंपनीचा सगळ्यात शांत," काका म्हणाले, "पण गाडी मागून जड होईल आणि चढावर दम कमी पडेल. तुला दगडांतून चढायचं असतं. मधला घे. सुवर्णमध्य."

फोनवर आवाज मोजायचं एक अ‍ॅप असतं. मधला बसवून झाल्यावर धाकटीने ते पाईपाशेजारी धरलं. मधल्याचा आकडा दादाच्या नळकांड्यापेक्षा बराच खाली आला. तरी ती हुशार, नुसत्या आकड्यावर भागवणारी नव्हे. खरी परीक्षा स्वयंपाकघरात व्हायला हवी, हे तिला कळत होतं. रविवारी सकाळी आई बाजारात गेलेली पाहून तिने बाबांना खिडकीशी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वळणापर्यंत जाऊन आली.

"आला का आवाज?"

"छे," बाबा म्हणाले. "जरासुद्धा नाही."

धाकटीने त्यांना मिठी मारली. आणि सोमवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर निळा मग टेबलावर.

मंगळवारी ती गॅरेजात गेली तेव्हा रडवेली झाली होती. "काका, बाबांनी स्वतः ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "ऐकायला कोणाला बसवलं होतंस?"

"बाबांना."

"तुझ्या बापाला? सत्तावीस वर्षं खडी फोडायच्या यंत्राशेजारी उभं राहिलेल्या माणसाला? अगं, त्याच्याशी अर्धा तास बोललो की मी घरी जाऊन मिठाच्या गुळण्या करतो."

धाकटी पायरीवरच बसली. खरंच की. घरात सगळे बाबांशी ओरडूनच बोलायचे, आणि बाबांना ऐकू येत नाही हे बाबा कधी कबूल करायचे नाहीत, म्हणून बाकीचेही विसरून गेले होते. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

काका तिच्या शेजारी बसले. "आकड्यावर जाऊ नकोस. चिरका आवाज वाटेतच मरतो. जाड धडधड लांबवर जाते, ती फोनला कुठली कळायला? तो आवाज ओळखणारा कान एकच आहे तुमच्या घरात. त्या कानालाच विचार."

"आईला? तिला कळू नये म्हणून तर हे सगळं चाललंय."

"मग चालू दे," काका म्हणाले आणि उठले.

विचारायला तिला दोन दिवस लागले. शेवटी भांडी पुसता पुसता, आईकडे न बघता, ती एका दमात सगळं बोलून गेली. निळा मग, हेल्मेट, सायलेन्सर, बाबांची परीक्षा. आई ताटली पुसत राहिली. कोरडी झाली तरी पुसत राहिली.

"रविवारी काकांना बोलव," ती म्हणाली. "मी ऐकते."

रविवारी काका सगळं सामान घेऊन वळणावर आले. पाईप निवेपर्यंत थांबायचं, बोल्ट सोडायचे, दुसरा लावायचा, असं करत धाकटीने तीन फेऱ्या मारल्या. आई खिडकीपाशी बसली होती, बाबा तिच्याशेजारी. दर फेरीला धाकटी दारात यायची आणि आई निकाल द्यायची.

मधल्याला म्हणाली, "हा तोच आहे. जरा दमलेला."

बूच बसवलेल्याला म्हणाली, "ही कोणाची तरी गाडी. पण धाप तीच."

कंपनीचा लावून धाकटी दारात उभी राहिली तरी आई खिडकीबाहेरच बघत होती. धाकटीने खाकरून हाक मारली तेव्हा दचकली.

"मला मात्र तिन्ही ऐकू आले," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली, आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जुनी धार होती.

झालं, ठरलं. धाकटी वळून निघाली तर आईने थांबवलं. "एकदा त्याचा लाव. बूच काढून, होता तसा. आणि ये."

"आई, कशाला उगाच."

"मला सांगून वाजव. इतके दिवस न सांगता वाजत होता."

वळणावर काकांनी बूच काढून दादाचा पाईप पुन्हा लावला. धाकटी तळ्याच्या कडेने खाली गेली, वळली आणि चढाला लागली. धडधड पाण्यावर पसरली. चार मिनिटांनी ती दाराशी आली तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. हात पदरात गुंडाळलेले, घट्ट.

"तू गिअर उशिरा बदलतेस," आई म्हणाली. "चढाच्या मध्यावर. तो पायथ्यालाच बदलायचा."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. "म्हणजे तुला कळायचं? तो नाही, मी आहे हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"तरी रोज तो निळा मग का काढायचीस?"

आईने पदरातून हात सोडवले आणि त्यांच्याकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसं. "कानांना कळायचं गं. या हातांना नाही कळायचं. आज धरून ठेवले तेव्हा राहिले." ती पुढे म्हणाली, "आणि तू आत आलीस की तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही तूच काही केलंयस. ते मला बघवायचं नाही. मी त्याची वाट बघत नव्हते, बाई. तुझ्या त्या चेहऱ्याची भीती वाटायची मला."

गाडी अजून धडधडत होती. धाकटीने हात पुढे करून चावी फिरवली.

"कंपनीचाच लाव," आई म्हणाली. "जड असला तर असू दे. आणि दारात येऊन मुकी उभी राहू नकोस. हाक मारत जा. इतकी वर्षं या घरात गाडीनेच हाक मारली."

सोमवारी आठव्या ओढ्याच्या चढावर गाडीला खरंच दम कमी पडला. धाकटीला उतरून थोडं ढकलावं लागलं. संध्याकाळी ती तळ्याच्या कडेने आली तेव्हा स्वतःचा श्वास ऐकू येईल इतकी गाडी शांत होती. पाण्यावरचे पक्षीसुद्धा हलले नाहीत. खिडकीत आई पाठमोरी दिसत होती, काहीतरी चिरत होती, आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं.

धाकटीने गाडी स्टँडला लावली. हेल्मेट काढलं. उंबऱ्यात पाय ठेवण्याआधीच तिने हाक मारली.

"आई, मी आले गं."

आतली सुरी थांबली.

"ये," आई म्हणाली. "आज उशीर केलास."