टॉवेलच्या पेटीतल्या पेन्सिली

उस्तादांच्या वस्तऱ्याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचं आणि दाढी झाल्यावर त्याला हलवून उठवावं लागायचं. बायकोचा डावा हात प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हा त्याच भरवशावर उस्तादांनी मिशीवरून बोट फिरवून जाहीर केलं, "तू फक्त चित्रं काढ. पेन्सिलींना टोकं काढायचं काम माझ्याकडे लागलं."

बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. वरच्या फळीवरचा डबा घेताना स्टूल कलंडलं आणि ती, डबा, रंगीत पेन्सिली, सगळं एकदमच फरशीवर आलं. उजवा हात शाबूत होता, पण पेन्सिल धरायला दुसरा हातच नाही म्हटल्यावर टोक काढणार कसं? अस्वलाचं चित्र अर्ध्यावर अडलं होतं.

उस्तादांनी नवं पातं घेतलं आणि तपकिरी पेन्सिल उचलली. लाकूड लोण्यासारखं सुटत गेलं. लांबसडक, देखणं टोक निघालं. त्यांनी ते ऐटीत बायकोपुढे धरलं, आणि टोक टपकन टेबलावर गळून पडलं.

"जरा जोर जास्त झाला," ते म्हणाले.

पुन्हा काढलं, पुन्हा पडलं. असं करता करता पेन्सिल बोटभर उरली. उस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पेन्सिलीच भिकार आहेत तुझ्या!"

"माझ्या पेन्सिलींना नावं ठेवू नका," बायको हसली. "तुमच्या हातातही खोट नाही. पडल्यामुळे आतली शीस जागोजागी मोडलीय. वरून कळत नाही एवढंच."

"मग फेकायच्या?"

"फेकायच्या कशाला? ही शीस मेणाची असते. बेताची ऊब मिळाली की आतल्या आत सांधते. कडक ऊन असतं तर खिडकीत ठेवल्या असत्या. आज ढग काही हलायचं नाव घेत नाहीत. आणि शेगडीजवळ नेल्या तर लाकूडच करपेल."

"कोरडी, बेताची ऊब ना?" उस्ताद ताडकन उठले. "अगं, मग चल दुकानात!"

दुकानात टॉवेल गरम ठेवायची विजेची पेटी होती. उस्तादांनी टॉवेल बाहेर काढले, आतला ओलावा पुसला. बायकोने आधी एकच पेन्सिल ठेवायला लावली. ती नीट निघाली, तेव्हा बाकीच्या आडव्या मांडल्या.

तेवढ्यात शेजारचा शिंपी दाढीला आला. अर्धी दाढी झाल्यावर त्याला आठवण झाली. "उस्ताद, गरम टॉवेल?"

"आज नाही. पेटीत पेशंट आहेत."

शिंप्याने उठून पेटीचं दार उघडलं. "या तर पेन्सिली!"

"हाडं मोडलेली आहेत त्यांची. दार लाव, ऊब जातेय!"

पेन्सिली बाहेर काढल्यावर उस्तादांचे हात शिवशिवत होते. "पूर्ण गार होऊ द्या," बायकोने दटावलं, "नाहीतर केलेलं पाण्यात जाईल." एरवी कोणाचं न ऐकणारे उस्ताद हाताची घडी घालून मुकाट बसले.

मग त्यांनी पातं टेकवलं. पेन्सिल हलकेच फिरवत सालपटं काढली. टोक निघालं. बायकोने ते कागदाच्या कोपऱ्यावर चांगलं दाबून ओढलं. गडद, सलग रेघ उमटली.

"टिकलं!" उस्ताद एवढ्या मोठ्याने म्हणाले की शिंपी दचकला.

बायकोने आरशासमोरच्या फळीवर चित्र पसरलं आणि तिथेच अस्वलाला हात घातला. "केसांसाठी अणकुचीदार द्या. सावलीला ते बोथट राहू दे, त्याला हात लावू नका." ती मागेल तशी पेन्सिल उस्ताद पुढे करत होते. अस्वलाच्या पाठीवर एकेक केस उभा राहत होता.

"अहो, माझी उरलेली दाढी?" गालाला साबण लावून बसलेल्या शिंप्याने विचारलं.

"बस जरा. अस्वलाचे केस आधी."

अस्वल त्याच संध्याकाळी पुरं झालं. पुढे प्लॅस्टर निघालं, मनगट पहिल्यासारखं वळायला लागलं. टोकं काढायचं काम मात्र बायकोने परत मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी उस्तादांनी ते दिलं नसतं.